घरातली कामं इंग्लिशमध्ये सांगताना योग्य फ्रेझल व्हर्ब कसं शोधायचं

प्रश्न असा आलाय की फ्रेझल व्हर्बच्या, म्हणजे पुट अवे, टर्न ऑफ अशा क्रियापद आणि छोटा शब्द मिळून होणाऱ्या जोड्यांच्या, लांबच लांब याद्या पाठ आहेत, वाचताना अर्थही कळतो, पण घरात मुलांशी रोज थोडं इंग्लिश बोलायचं ठरवलं की "दोरीवरचे कपडे काढ", "पसारा आवर", "दूध उतू गेलं बघ" असली साधी वाक्यंच अडतात, पुट आठवतं पण त्याच्यापुढे अवे लावायचं का डाऊन का बॅक ते सुचत नाही, मग नेमका शब्द शोधायचा तरी कसा. मी मोठ्या माणसांना बोलायचं इंग्लिश बरीच वर्षं शिकवतेय आणि मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो, कारण ऑफिसातलं इंग्लिश ईमेल वाचून वाचून येतं, घरातलं मात्र कुणी मुद्दाम शिकवत नाही. मीटिंग पुढे ढकलली हे झोकात सांगता येतं पण सांडलेलं पाणी पुसायला सांगता येत नाही, अशी चांगली शिकलेली कितीतरी माणसं मी बघितलीत.

तर आधी त्या याद्या बाजूला ठेवा. त्या क्रियापदाप्रमाणे लावलेल्या असतात, गेट घेतलं की गेट अप, गेट ऑफ, गेट बाय, गेट थ्रू असं एकाखाली एक, आणि बोलताना आपल्या डोक्यात गेट मुळात येतच नाही, डोक्यात येतं ते समोरचं काम. घरकामाच्या बाबतीत उलटीकडून सुरुवात करायची. आधी मागचा छोटा शब्द ठरवायचा, म्हणजे अप, आऊट, ऑफ, अवे, डाऊन, बॅक, इन, ऑन, ओव्हर यातला कुठला ते, आणि क्रियापद नंतर. आणि छोटा शब्द ठरवायला स्वतःला एकच विचारायचं, काम झाल्यावर ती वस्तू कुठे असणारे किंवा तिचं काय झालेलं असणारे.

हे आपल्याला जमतं कारण मराठीत आपण रोज हेच करतो. पुसून टाक, पुसून घे, पुसून काढ, पुसून ठेव, चारही ठिकाणी पुसणं तेच आहे पण शेवट वेगळा आहे, आणि तो शेवट मागचं छोटं क्रियापद सांगतं. मराठी माणूस "पुसून ठेव" आणि "पुसून टाक" यात कधी गोंधळत नाही. इंग्लिशमध्ये ते शेवट सांगायचं काम अप, आऊट, ऑफ वगैरे करतात. शब्दाला शब्द असा जुळत नाही, टाक म्हणजे अप असं काही नाहीये, पण विचार करायची पद्धत तीच आहे. आणि हा भाग अवघड वाटतो यात कमीपणा अजिबात मानू नका, सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की क्रियापदामागे छोटा शब्द लावून अर्थ बदलायची ही जी तऱ्हा आहे तीच परक्या माणसांना सगळ्यात जास्त जड जाते.

आता तुमचं पहिलंच वाक्य घेऊ, कपडे काढ. मराठीत काढ एकच आहे पण कुठून काढायचे हे आपण न बोलता समजून घेतो. अंगावरचे काढायचे तर ते अंगापासून सुटणार, म्हणून ऑफ, टेक ऑफ युअर शर्ट. कपाटातून काढायचे तर आतून बाहेर येणार, म्हणून आऊट, टेक आऊट अ क्लीन शर्ट, किंवा गेट आऊट. बाहेर दोरीवर वाळलेले काढायचे तर ते घरात येणार, म्हणून इन, ब्रिंग इन द लाँड्री किंवा ब्रिंग द वॉशिंग इन. उंच हुकावरून किंवा वरच्या फळीवरून काढायचे तर खाली येणार, म्हणून टेक डाऊन. म्हणजे "काढणे" ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात हा प्रश्न विचारलात तर उत्तर कधीच मिळणार नाही, कपडे शेवटी कुठे गेले हे विचारलं की लगेच मिळतं. डागाचंही तसंच, कपड्यातला डाग आत मुरलेला असतो म्हणून गेट द स्टेन आऊट, भिंतीवरचा वरवर असतो म्हणून वाइप इट ऑफ द वॉल.

ठेव हा दुसरा मोठा शब्द, आणि इथे एक सवय आधी मोडायला लागते, ठेव म्हणलं की आपल्या तोंडात कीप येतं. कीप द कप ऑन द टेबल याचा अर्थ कप टेबलावरच राहू दे, हलवू नकोस असा होतो. नुसतं नेऊन ठेवायला पुट. मग त्याच्यामागे काय लावायचं ते जागेवरून ठरतं. हातातली वस्तू खाली ठेव, पुट इट डाऊन. जिथून उचललीस तिथेच परत ठेव, पुट इट बॅक. तिची जी ठरलेली जागा आहे, खण असेल, कपाट असेल, तिथे नीट ठेव की बाहेर दिसायला नको, पुट इट अवे. नंतर लागेल म्हणून बाजूला काढून ठेव, पुट इट असाइड. मुलांशी बोलताना यातलं पुट अवे सगळ्यात जास्त लागतं, खेळणी, वह्या, घड्या घातलेले कपडे, धुऊन कोरडी झालेली भांडी, सगळ्याला तेच, आणि लोक नेमकं तेच सोडून कीप इट प्रॉपर्ली म्हणत राहतात. पुट अवे युअर टॉइज एवढं जरी घरात रुळलं तरी खूप फरक पडतो.

लाव हा शब्द तर मराठीत कशालाही चालतो, दिवा लाव, टीव्ही लाव, दार लाव, पडदे लाव, गजर लाव, मशीन लाव, फोन चार्जिंगला लाव. इथे मात्र सगळीकडे फ्रेझल व्हर्ब शोधत बसू नका. दिवा, टीव्ही, पंखा, नळ यांना टर्न ऑन, विजेवर चालणाऱ्यांना स्विच ऑनही चालतं. ओपन द लाइट, क्लोज द फॅन, ओपन द टॅप हे सोडा. आणि नुसतं "ऑफ द फॅन" हेही सोडा, मराठीत "फॅन ऑफ कर" म्हणतो त्यात "कर" असतं म्हणून ते चालतं, इंग्लिशमध्ये तो कर गेला की ऑफ एकटाच उरतो, त्याच्या आधी टर्न लागतंच. चार्जरला प्लग इन. नवीन पडदे भिंतीला लावायचे असतील तर पुट अप, संध्याकाळी ओढून घ्यायचे असतील तर क्लोज किंवा ड्रॉ, तिथे अप-डाऊन काही नको. दाराला क्लोज किंवा शट, आणि रात्री सगळी दारं-खिडक्या बघून कुलपं घालायची असतील तर लॉक अप. गजराला सेट द अलार्म. गॅस बारीक करणं, टीव्हीचा आवाज कमी करणं हे दोन्ही टर्न डाऊन, मोठा करणं टर्न अप.

आता साफसफाई, यात खरी मजा आहे कारण क्रियापद तेच राहतं आणि छोटा शब्द बदलला की काम बदलतं. वाइप घ्या. ओटा पुसून घे म्हणजे पूर्ण पृष्ठभागावरून फडकं फिरव, तर वाइप डाऊन द काउंटर. ओट्यावर सांडलेलं पाणी पुसून घे म्हणजे ते पाणी टिपून घे, तर वाइप अप द वॉटर, किंवा खूप असेल तर मॉप अप. ओट्यावरची धूळ पुसून टाक, तर वाइप ऑफ द डस्ट. तिन्हीत फडकं तेच, ओटाही तोच, पण पहिल्यात कर्म ओटा आहे, दुसऱ्यात पाणी आणि तिसऱ्यात धूळ, त्यामुळे कर्म काय आहे हे आधी ठरवा. केर काढतानाही असंच, फरशीला नुसतं स्वीप द फ्लोअर, पण फरशीवर पडलेल्या काचेच्या तुकड्यांना स्वीप अप, कारण ते गोळा होऊन उचलले जाणार.

क्लीनचंही तसंच आहे. क्लीन अप म्हणजे झालेला पसारा, सांडलवंड आवरून जागा पहिल्यासारखी करणं. क्लीन आऊट म्हणजे आतलं सगळं बाहेर काढून साफ करणं, म्हणून ते कपाट, फ्रिज, खण, दप्तर, पर्स असल्या आत जागा असलेल्या गोष्टींना लागतं, क्लीन आऊट द फ्रिज. क्लीन ऑफ म्हणजे वरचं हटवणं, टेबलावर वह्या-पेन पसरलेत ते उचलून टेबल मोकळं करणं, क्लीन ऑफ द टेबल. तेव्हा "आवर" म्हणताना नक्की काय आवरायचंय ते बघा, खोली असेल तर टायडी अप, कपाट असेल तर क्लीन आऊट, आणि कपाटातलं नको ते निवडून बाजूला काढायचं असेल तर सॉर्ट आऊट. "तू लवकर आवर" यातला आवर निराळाच, तो गेट रेडी, आणि प्रवासातून आल्यावर हातपाय धुऊन ताजंतवानं होणं ते फ्रेशन अप. आणखी एक जरूर शिका, क्लीन अप आफ्टर युअरसेल्फ, म्हणजे तू केलेला पसारा तूच आवर. हे तीन तुकड्यांचं आहे, पण मुलांना एकदा ऐकवलं की त्यांच्या लक्षात राहतं असा माझा अनुभव आहे, कारण ते वाक्य रोजच लागतं.

इथे अप बद्दल थोडं जास्त सांगते, कारण लोकांना वाटतं अप म्हणजे वर, मग यूज अप मध्ये काय वर जातं. काही नाही जात. घरातल्या बऱ्याच क्रियापदांमागे अप म्हणजे काम पूर्ण झालं, शिल्लक काही राहिलं नाही एवढंच सांगतं. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, फिल अप, चॉप अप. आपण खाऊन टाक, पिऊन टाक म्हणतो तसं. आऊट मध्येही कधीकधी संपण्याचा भाव असतो पण तो साठ्याचा असतो, वुइ हॅव रन आऊट ऑफ सोप, साबण संपला. हे वाक्य बांधताना माणूस कर्ता होतो हे विसरू नका, "वुइ" रन आऊट ऑफ सोप झालो. साबणाला कर्ता करायचं असेल तर द सोप हॅज रन आऊट, तेव्हा ऑफ (एका एफचा, of) हा शब्द गळतो. कुणीतरी वापरून संपवला हे सांगायचं असेल तर समबडी यूज्ड अप द सोप. आणि संपत आलाय असं म्हणायला वुइ आर रनिंग लो ऑन सोप, हे खूप कामाचं वाक्य आहे आणि फार कमी लोक वापरतात.

ड्रायचे तीन प्रकारही इथेच बघून घ्या. अंघोळ झाल्यावर किंवा पावसात भिजून आल्यावर अंगावरचं पाणी टिपणं ते ड्राय ऑफ, पाणी अंगावरून सुटतंय. कुंडीतली माती आतपर्यंत सुकून गेली, ते ड्राय आऊट, आतला ओलावा बाहेर गेला. विहीर, ओढा आटला तर ड्राय अप.

स्वयंपाकघरातलं तुमचं वाक्य, दूध उतू गेलं, द मिल्क बॉइल्ड ओव्हर. ओव्हर म्हणजे काठावरून पलीकडे. धक्का लागून ग्लास आडवा झाला तर आय नॉक्ड ओव्हर द ग्लास. बॉइल ओव्हरला कर्म लागत नाही, दूध स्वतःच उतू जातं, त्यामुळे आय बॉइल्ड ओव्हर द मिल्क असं म्हणू नका, गॅसवर ठेवून विसरलो असेल तर आय लेट द मिल्क बॉइल ओव्हर म्हणा. दूध नासलं याला ब्रिटिश माणूस द मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणेल, अमेरिकन गॉन बॅड म्हणेल. आणि हे गो ऑफ नीट सांभाळा, द अलार्म वेंट ऑफ म्हणजे गजर वाजला, बंद पडला नाही, आणि द लाइट्स वेंट ऑफ म्हणजे दिवे गेले. एकाच शब्दानं एक गोष्ट सुरू होते आणि दुसरी बंद होते, यात नियम शोधू नका, असल्या थोड्या जोड्या वाक्यासकटच लक्षात ठेवाव्या लागतात.

सकाळ-रात्रीचं पटकन सांगते. वेक अप म्हणजे जाग येणं, गेट अप म्हणजे अंथरुणातून उठणं, आय वोक अप ॲट सिक्स बट गॉट अप ॲट सेव्हन हे अगदी बरोबर वाक्य आहे. सुट्टीच्या दिवशी मुद्दाम उशिरापर्यंत झोपणं स्लीप इन, गजर ऐकूच आला नाही आणि उशीर झाला तर ओव्हरस्लेप्ट, हे दोन एकमेकांच्या जागी वापरले की समोरच्याला वाटतं तुम्ही ठरवून झोपलात. रात्री जागं राहणं स्टे अप, टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागणं डोझ ऑफ किंवा नॉड ऑफ. कपडे घालणं ही क्रिया पुट ऑन, घातलेले असणं ही स्थिती वेअर, म्हणून "स्वेटर घाल" याला पुट ऑन युअर स्वेटर. रोजच्या कपडे घालण्याला ड्रेस अप म्हणू नका, ते नटूनथटून जाण्याला आहे, रोजचं ते गेट ड्रेस्ड.

शब्द सापडला तरी वाक्यात चुकतो तो एका जागी, इट, देम, हिम असलं सर्वनाम आलं की. टर्न ऑफ द फॅन चालतं, टर्न द फॅन ऑफ चालतं, पण फॅनच्या जागी इट आलं की ते मधेच बसतं, टर्न इट ऑफ. टर्न ऑफ इट कधीच नाही. कर्म लांबलचक असेल तर उलट, ते शेवटी ढकला, पुट अवे ऑल द क्लोद्ज यू लेफ्ट ऑन द चेअर. आणि काहींत सर्वनामही मधे येत नाही, लुक आफ्टर हर, रन आऊट ऑफ इट, ही तोडायचीच नाहीत. भूतकाळ करताना फक्त क्रियापद बदलतं, पिक्ड अप, टुक आऊट, हंग अप, पुट तर बदलतही नाही. बोलताना आवाजाचा जोर मागच्या छोट्या शब्दावर द्या, टर्न इट ऑफ मधला ऑफ ठसठशीत ऐकू आला पाहिजे. आपल्याकडून तोच गिळला जातो आणि मग ऑन म्हणलात का ऑफ ते समोरच्याला कळत नाही.

शोधायचं कसं विचारलंत, तर साध्या भाषांतराच्या ॲपमध्ये "आवरणे" टाकून काही मिळणार नाही. ऑक्सफर्ड किंवा लाँगमन यांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या ज्या ऑनलाइन डिक्शनऱ्या आहेत त्यात क्रियापद उघडा, पुट, टेक, वाइप, क्लीन जे असेल ते, आणि फ्रेझल व्हर्बचा भाग बघा. तिथे क्रियापद आणि छोटा शब्द यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना टोक असलेला छोटा बाण दिसला तर समजायचं कर्म मधेही बसतं आणि शेवटीही, बाण नसेल तर जागा पक्की. अर्थ वाचून थांबू नका, उदाहरणातली कर्मं बघा. तुमच्या मनात फ्रिज आहे आणि उदाहरणात कपाट, खण, गॅरेज येतंय तर शब्द बरोबर, उदाहरणात भलतंच काही येत असेल तर सोडून द्या. ही तपासणी टाळली की कसं होतं बघा, पुट डाऊन म्हणजे खाली ठेवणं, बाळाला पुट द बेबी डाऊन म्हणलं तर बाळाला झोपवलं असा छान अर्थ होतो, पण पुट द डॉग डाऊन म्हणलं तर आजारी कुत्र्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं असा होतो, कडेवरच्या कुत्र्याला खाली सोडलं असं म्हणायचं असेल तर सेट हिम डाऊन म्हणावं.

आणि ब्रिटिश का अमेरिकन या चिंतेत फार पडू नका, घरातले बहुतेक शब्द दोन्हीकडे एकच आहेत. वेगळे आहेत त्यातला वॉश अप तेवढा बघून ठेवा, ब्रिटिश घरात त्याचा अर्थ जेवणानंतरची भांडी घासणं, अमेरिकन घरात हाततोंड धुणं, त्यामुळे पाहुण्यानं जेवायच्या आधी म्हणलं का नंतर यावरही अर्थ ठरतो. भांड्यांसाठी डू द डिशेस म्हणलंत तर दोन्हीकडे कळतं. मेक द बेड, डू द लाँड्री, वॉटर द प्लांट्स, सेट द टेबल यांनाही मागे काही लावायचं नाही, ही जशीच्या तशी वापरा. मुलांशी सुरुवात करताना एका वेळी एकच खोली घ्या, आधी बाथरूम घ्या म्हणजे टर्न ऑन, टर्न ऑफ, ड्राय ऑफ, हँग अप द टॉवेल, पुट बॅक द कॅप एवढ्यातच सगळी खोली होते, आणि ते काम हातात असतानाच ते वाक्य बोला, टॉवेल जमिनीवर पडलेला दिसला की त्याच क्षणी पिक इट अप, हँग इट अप.